मोदकांची कावीळ आणि स्नॅपसीड

सासूबाईंनी माझ्या फोनवरचा फोटो पाहिला आणि विचारलं, "अगं, मोदकांना कावीळ झालीय का?"

मोदक चांगले पांढरेशुभ्र होते. पण डोंबिवलीतल्या आमच्या ओट्यावर पिवळा बल्ब आहे आणि फोटो मी रात्री नऊला काढला होता. आपला डोळा दिव्याचा पिवळेपणा मनातल्या मनात वजा करतो, कॅमेऱ्याला ते दर वेळी जमत नाही. गणपती आठ दिवसांवर आलेले. असला फोटो ग्रुपवर टाकला तर कोण ऑर्डर देणार?

भाच्याने फोनवर स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं अ‍ॅप टाकून दिलं. फुकट आहे, मधेच जाहिराती नाहीत, फोटोच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव छापत नाही. २०११ साली निक सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने ते आयपॅडसाठी काढलं, पुढच्याच वर्षी गूगलने ती कंपनी विकत घेतली.

माझ्यासारखीचं खरं काम एकाच ठिकाणी होतं, ते म्हणजे व्हाइट बॅलन्स, उजेडाचा रंग काढून पांढरं पांढरं दाखवणारी सोय. त्यात ड्रॉपर आहे. फोटोतल्या ज्या जागेवर तो ठेवाल ती जागा बिनरंगी धरून तो बाकीचे रंग सरकवतो. मी हौसेने तो थेट मोदकावर ठेवला. उकडीला मुळात किंचित दुधाळ, पिवळसर झाक असते. तीच त्याने खोडून काढली आणि मोदक खडूचे झाले! आता बाजूला साधी पांढरी बशी ठेवते आणि ड्रॉपर तिच्यावर टेकवते. क्रीम रंगाची बशी चालत नाही. स्टीलचं ताट तर नकोच, आमच्या भिंतीचा पोपटी रंग त्यात उतरतो. ड्रॉपरनंतर टेम्परेचर, म्हणजे फोटोचा निळा-पिवळेपणा, अगदी थोडं पिवळ्याकडे ओढायचं, नाहीतर गरम पदार्थही फ्रिजमधून काढल्यासारखा वाटतो.

सॅच्युरेशनपासून मात्र हात आवरा. ते सगळेच रंग एकदम चढवतं. पानाचा हिरवा खुलावा म्हणून मी वाढवलं, तर फोडलेल्या मोदकातलं गुळाचं सारण केशरी झालं. एका बाईंचा फोन आला, "केशर घालता का हो?" नाही म्हणताना लाज वाटली. आता सिलेक्टिव्ह वापरते. हव्या त्या जागी ठिपका ठेवायचा आणि दोन बोटांनी त्याचं वर्तुळ लहानमोठं करायचं. किती भाग धरला ते लाल रंगात दिसतं. मग तेवढ्याच भागाचा उजेड किंवा रंग बदलतो. सोलकढीचा गुलाबी मी असाच सांभाळते. पिवळ्या उजेडात ती थेट टोमॅटोचं सार दिसते.

एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला बल्ब असेल तर व्हाइट बॅलन्सने भागत नाही. पिवळी बाजू सुधारली की खिडकीकडची निळी पडते. त्यापेक्षा बल्ब बंद करून परत फोटो काढणं सोपं.

आणि एक माझाच वेंधळेपणा. फोनची रात्रीची पिवळी स्क्रीन चालू ठेवून एकदा अकरा फोटो दुरुस्त केले. सकाळी बघते तर सगळे निळे.

आवडलेली सोय म्हणजे एकदा जमलेली दुरुस्ती लुक म्हणून जपून ठेवता येते. त्याच बाल्कनीत, सकाळी त्याच दहाच्या सुमाराला काढलेल्या बाकीच्या फोटोंवर एका टिचकीत ती बसते, थोडा उजेड मागेपुढे केला की झालं.

परवा सासूबाईंना नवा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला. "रंग ठीक आहे," म्हणाल्या, "कळ्या नऊच पडल्यात." त्याची सोय स्नॅपसीडमध्ये नाही.