कॉलेज फुटबॉलची स्कॉलरशिप ‘मिळवून देणाऱ्यां’पासून सावध राहा

तुमचा मुलगा हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळत असेल आणि ‘आमच्या स्काउटने त्याला हेरलंय, कॉलेजपर्यंत आम्ही नेतो’ असा फोन तुम्हाला आला असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आम्ही न्यू जर्सीत राहतो. 2025 च्या उन्हाळ्यात अशा एका कंपनीने आम्हाला गाठलं आणि पुढचे काही महिने टप्प्याटप्प्याने आमच्याकडून पैसे काढले. तक्रार अजून चालू आहे, म्हणून कंपनीचं नाव देत नाही. शिवाय हीच पद्धत वेगवेगळ्या नावांनी चालते, त्यामुळे पद्धत समजून घेणं जास्त गरजेचं आहे.

आमचा मुलगा किकर, म्हणजे चेंडूला किक मारून टीमला गुण मिळवून देणारा. लहानपणापासून सॉकर खेळायचा, नववीत शाळेच्या फुटबॉल कोचने त्याची किक पाहिली आणि टीममध्ये बोलावून घेतलं. इथल्या आपल्या बऱ्याच मुलांचा या खेळातला प्रवेश असाच होतो. आईबाप मात्र क्रिकेटवर वाढलेले. डाउन आणि यार्ड आम्ही शिकलो, पण कॉलेजचे कोच मुलं कशी निवडतात हे आमच्या घरात, नात्यात, मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. या कंपन्या नेमकी अशीच घरं शोधतात.

एका किकिंग कॅम्पनंतर आठवडाभरात फोन आला. बोलणारा माणूस गोड बोलणारा. मुलाचं नाव, शाळा, त्याने किती यार्डांवरून फील्ड गोल मारला (म्हणजे चेंडू गोलपोस्टच्या मधून पार केला), सगळं त्याला ठाऊक होतं. ही माहिती कॅम्पच्या नोंदणी फॉर्मवरूनच गेलेली असते. ‘तुमच्या भागातून आम्ही मोजकेच किकर घेतो,’ असं सांगून त्याने हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये ‘मूल्यमापना’ला बोलावलं. अट एकच, आई, वडील आणि मुलगा तिघांनीही यायचं. ही अट का असते ते आता मला पक्कं कळलंय. एकटा आला की माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणू शकतो. तिघं असले की ती पळवाटच बंद होते. वर, मुलासमोर आईबापांना ‘नाही’ म्हणवत नाही. त्या माणसाने माझ्या मुलाला विचारलं, ‘तुला हे एक ते दहामध्ये किती मनापासून हवंय?’ मुलगा म्हणाला, ‘दहा.’ मग तो माणूस आमच्याकडे वळून गप्प बसला.

त्याने घातलेल्या भीतीत खऱ्याचा अंश होता, आणि म्हणूनच ती लागू पडली. 6 जून 2025 ला एनसीएएवरच्या (म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेवरच्या) मोठ्या खटल्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना फुटबॉल टीममध्ये 105 च खेळाडू ठेवता येतात. पूर्वी मोठ्या कॉलेजांत 85 स्कॉलरशिपा असायच्या आणि त्यांच्याशिवाय बिनपैशाचे वॉक-ऑन खेळाडू भरपूर असायचे. किकर मुलं बहुतेक याच वाटेने आत शिरायची. ती वाट अरुंद झाली, आणि दुसऱ्या कॉलेजातून बदली होऊन येणाऱ्या अनुभवी खेळाडूंमुळे शाळकरी मुलांच्या जागा आणखी घटल्या. हे सगळं खरं आहे. पण त्यावरून ‘आज सही केली नाही तर सीट गेली’ हे कसं निघतं? त्याच्या हातात एकही सीट नव्हती. ती फक्त कॉलेजच्या कोचच्या हातात असते.

त्याने दिलेल्या चकचकीत फोल्डरमध्ये दोन गोष्टी होत्या. एक, प्रिन्स्टनच्या ‘फुटबॉल स्कॉलरशिप’चा उल्लेख. दोन, नॅशनल लेटर ऑफ इंटेंटचा, म्हणजे मुलगा अमुक कॉलेजातच जाणार अशा कराराचा नमुना, ‘यावर तुमचा मुलगा सही करेल’ असं सांगून दाखवलेला. प्रिन्स्टन आयव्ही लीग या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातलं आहे, आणि आयव्ही लीगची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. तिथे मदत मिळते ती घरच्या उत्पन्नाकडे बघून. आणि लेटर ऑफ इंटेंटची पद्धत एनसीएएने ऑक्टोबर 2024 मध्येच बंद केली होती. म्हणजे जो माणूस आम्हाला मार्ग दाखवायला बसला होता, त्याच्या फोल्डरमधला कागद रद्द होऊन बरेच महिने झाले होते.

त्याच बैठकीत कार्ड घासून घेतलं, साडेतीन हजार डॉलरच्या पुढे. नंतर ‘एनसीएए नोंदणी’साठी वेगळे काहीशे. ही नोंदणी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर मुलगा स्वतः करू शकतो. साधं प्रोफाइल फुकट असतं, डिव्हिजन वन आणि टूसाठी (एनसीएएच्या तीन स्तरांपैकी वरचे दोन) लागणारं प्रमाणित खातं शंभर डॉलरच्या आसपास, आणि उत्पन्न कमी असलेल्या घरांना तीही फी माफ होते.

मग सुरू झाला डॅशबोर्ड. लॉगिन केलं की नकाशावर कॉलेजांचे ठिपके दिसायचे आणि खाली ‘या आठवड्यात इतक्या कोचांनी प्रोफाइल पाहिलं’ असा आकडा. आकडा दर आठवड्याला वाढायचा. मुलगा शाळेतून आला की आधी तेच उघडायचा. अधूनमधून कॉलेजांची पत्रं यायची, लोगोसकट, मुलाच्या नावाने. ‘तुझ्याबद्दल आम्हाला उत्सुकता आहे, आमच्या कॅम्पला ये.’ कंपनी त्यांना ‘इंटरेस्ट’ म्हणून मोजायची. कॅम्पची माहितीपत्रकं आणि प्रश्नावल्या कॉलेजं कुठल्याही वयाच्या मुलाला पाठवू शकतात. यादी असली की झालं. शिवाय कॅम्पची फी आपणच भरायची असते. अशा पत्रांचा गठ्ठा घरात असूनही एकाही कोचने मुलाचा खेळ पाहिलेला नसणं सहज शक्य आहे. आमच्या बाबतीत तसंच होतं.

त्यांनी बनवलेल्या हायलाइट व्हिडिओबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्यातच त्यांचं अज्ञान उघडं पडलं. सुरुवातीला कंपनीचा लोगो, धूर, ढोल-ताशासारखं दणदणीत संगीत. मग किक, पण प्रत्येक किक अर्धवट कापलेली. चेंडू पायावरून सुटला की पुढचं दृश्य. तो गोलपोस्टच्या मधून गेला की बाजूने, दिसतच नाही. एका तुकड्यात तर जर्सीचा नंबर आमच्या मुलाचा नव्हताच. आणि सगळ्या फील्ड गोल ब्लॉकवरून, म्हणजे चेंडूखाली ठेवायच्या ठोकळ्यावरून मारलेल्या. हायस्कूलमध्ये फील्ड गोलसाठी दोन इंच उंचीचा ब्लॉक चालतो. कॉलेजमध्ये 1989 पासून तो बंद आहे, चेंडू थेट जमिनीवरून मारावा लागतो. त्यामुळे कॉलेजच्या कोचला जमिनीवरून मारलेल्या किकच पाहायच्या असतात, त्याही न कापता, मागच्या कोनातून, स्नॅपपासून (चेंडू मागे फेकला जातो तिथपासून) चेंडू पोस्टपार जाईपर्यंत. स्नॅप ते किक साधारण 1.3 सेकंदांत व्हायला हवी, ते त्याला मोजायचं असतं. किकऑफमध्ये, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकमध्ये, चेंडू हवेत किती वेळ राहतो तेही. आम्ही पैसे दिलेला व्हिडिओ यातलं काहीच दाखवत नव्हता. शाळेच्या स्पेशल टीम्स कोचने, म्हणजे किकचा भाग बघणाऱ्या कोचने, नंतर मैदानावर फोन तिकाटण्यावर लावून एका संध्याकाळी जे चित्रण केलं, ते एकही पैसा न घेता कामाला आलं.

हे कोच मध्ये कसे आले ते सांगते. हिवाळ्यात कंपनीने दुसरा करार पाठवला. आता एक ‘माजी स्काउट’ थेट शिफारस करणार, त्यासाठी आणखी हजारभर डॉलर, आणि स्कॉलरशिप मिळाली तर पहिल्या वर्षाच्या रकमेतला दहा टक्के वाटा. ही टक्केवारी नवऱ्याला खटकली. तो कागद घेऊन शाळेत गेला. कोचने ते कलम वाचलं आणि म्हणाले, ‘प्लीज, यावर सही करू नका.’ एनसीएएचा नियम असा आहे की मुलाची माहिती कॉलेजांना पाठवणाऱ्याला ठरावीक फी देता येते, पण ती फी मुलाला स्कॉलरशिपवर बसवण्याशी बांधलेली असता कामा नये. तशी असेल तर मुलाची खेळण्याची पात्रताच धोक्यात येते. म्हणजे आमचे पैसे तर जाणारच होते, वर ज्या कॉलेजात खेळायचं त्यासाठीच मुलगा अपात्र ठरू शकला असता. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. पैसे बुडाले तर पुन्हा मिळवता येतात. सतरा वर्षांच्या मुलाची तीन वर्षांची मेहनत एका कलमाने मातीमोल करायला हे लोक तयार होते, आणि मुलाशी बोलताना त्याला ‘चॅम्प’ म्हणत होते.

त्यानंतर मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीने मला तिच्या मुलाचा ‘स्काउटचा अहवाल’ मोबाइलवर दाखवला. तिचा मुलगा लाइनबॅकर, म्हणजे अंगावर धावून जाऊन पाडणारा. अहवालात लिहिलं होतं, ‘दबावाखाली शांत, तंत्र वयाच्या मानाने परिपक्व, पुढच्या पातळीसाठी तयार.’ आमच्या किकरच्या अहवालात हीच तीन वाक्यं याच क्रमाने होती. तिने अजून पैसे भरले नव्हते. मी हे लिहितेय ते तिच्या आग्रहावरून.

खरी भरती कशी होते, ते शाळेच्या कोचकडून आणि काउन्सेलरकडून आम्ही नंतर शिकलो. आधी अभ्यास. डिव्हिजन वनसाठी सोळा मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, आणि त्यातले दहा विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट 2023 मध्ये काढली. मग हडल या खेळांच्या व्हिडिओंच्या साइटवर व्हिडिओ. मग मुलाने स्वतः त्या कॉलेजच्या स्पेशल टीम्स कोचला लिहायचं, ट्रान्सक्रिप्ट (शाळेची गुणपत्रिका) आणि व्हिडिओची लिंक जोडून. आईबापांनी नाही, आणि कंपनीने तर नाहीच. कोचला त्या मुलाशीच बोलायचं असतं. खरा रस असला की तो ओळखू येतो. कोच विद्यापीठाच्या ईमेलवरून लिहितो, अमुक सामन्यातल्या अमुक किकबद्दल विचारतो, मार्क मागतो, शाळेच्या कोचला फोन करतो. ‘ऑफर’ हा शब्द तोंडी कितीही वेळा आला तरी पैशाची गोष्ट कागदावर आल्याशिवाय धरायची नाही. ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ म्हणजे टीममध्ये जागा, पैसे नाहीत, हेही तेव्हाच स्पष्ट विचारून घ्यायचं.

आणि अपेक्षा जमिनीवर ठेवायच्या. हायस्कूल फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांतली सातेक एनसीएएच्या तिन्ही डिव्हिजन मिळून कुठेतरी खेळतात. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच. आमच्या राज्यातली रोवन, मॉन्टक्लेअर स्टेट, टीसीएनजे ही सगळी डिव्हिजन थ्री. तिथे फुटबॉल मनापासून खेळला जातो आणि शिक्षणही चांगलं मिळतं. पण कुणी तुम्हाला तिथली ‘फुटबॉल स्कॉलरशिप’ विकत असेल तर तो खोटं बोलतोय. आमच्या डॅशबोर्डवरची एक ‘ऑफर’ अशीच होती. फोन करून विचारल्यावर कळलं की ती मार्कांवर मिळणारी फीमधली सवलत होती, खेळाशी तिचा संबंध नव्हता.

हे फक्त परदेशातून आलेल्या पालकांच्या बाबतीत घडतं असं कुणी समजू नये. ओहायोतल्या बिशप सिकॅमोर नावाच्या ‘शाळे’ची टीम 29 ऑगस्ट 2021 ला ईएसपीएन या क्रीडा वाहिनीवर थेट प्रक्षेपणात आयएमजी अकॅडमी या खेळांसाठी प्रसिद्ध शाळेशी खेळली आणि 58-0 अशी हरली. चौकशी झाली तेव्हा कळलं की तिथे शाळा म्हणावं असं काही चालतच नव्हतं. कॉलेजच्या आशेवर आलेली मुलं होती ती, आणि तीही इथलीच, याच खेळावर वाढलेली.

आमच्या पैशांचं असं झालं. कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार केली, डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट, चुकीच्या नंबरचा व्हिडिओ आणि एनसीएएच्या फीचं पान जोडून. नोंदणीच्या नावाने घेतलेले पैसे परत आले. मुख्य रकमेबद्दल न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार दिली आहे. कार्डावरच्या तक्रारीला मुदत असते, स्टेटमेंट आल्यापासून साठ दिवस, तेव्हा कागद लगेच गोळा करा. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने त्यांना लिहून पाठवा. आमच्याकडे नोंदणीच्या फीबद्दलचा असा एक ईमेल होता, म्हणून ती रक्कम सुटली.

आणि एक गोष्ट, जी त्या हॉटेलात आम्हाला कुणी सांगितली नाही, पण सांगणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक होतं. हॉटेलच्या खोलीसारख्या तात्पुरत्या जागी 130 डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचा असा करार झाला तर फेडरल नियमानुसार तो तीन कामकाजाच्या दिवसांत, कारण न देता, रद्द करता येतो. घरी येऊन सही घेतली असेल तर ही मर्यादा 25 डॉलरची. विक्रेत्याने रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायच्या असतात. दिल्या नसतील तर साध्या कागदावर लिहा, तारीख घाला, सही करा आणि तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत पोस्टाचा शिक्का पडेल असं रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. या मोजणीत रविवार आणि सरकारी सुट्ट्या धरत नाहीत, पण शनिवार धरतात. गुरुवारी सही केली असेल तर तुमच्याकडे सोमवारपर्यंतच वेळ आहे.