गांधीजींची सही: वहीतलं पान घ्यावं की पत्र?

किंमत पाहिली तर सह्या गोळा करायच्या वहीतली सही स्वस्त. हरिजन निधीसाठी पाच रुपये घेऊन गांधीजी सह्या देत, त्यामुळे अशी पानं बरीच आहेत. पत्र महाग, आणि पूर्ण स्वहस्ताक्षरातलं असेल तर फारच.

खरा प्रश्न बनावटीचा. सुट्या सहीत तपासायला चार-पाच फटकारेच मिळतात. दहापट भिंगाखाली रेघ थरथरती, मध्येच थांबून पुन्हा सुरू झालेली दिसली तर ती सावकाश नक्कल केलेली असू शकते. शाई कडांना साचलेली असेल तर रबरी शिक्क्याचा संशय घ्या. पत्रात मात्र तारीख, ठिकाण, मजकूर असतो. त्या दिवशी गांधीजी कुठे होते, हे १०० खंडांच्या संकलित वाङ्मयाशी ताडून पाहता येतं. तारीख आणि गाव जुळत नसेल तर सौदा सोडा. टंकलिखित पत्रातही ही सोय आहेच.

जपणूक पत्राची अवघड: घडीवर कागद फाटतो. सेलोटेप, लॅमिनेशन कधीही नको. आम्लमुक्त फोल्डरात सपाट, अंधारात ठेवा.

परदेशस्थ मराठी संग्राहकांनो, ७५ वर्षांहून जुनं ऐतिहासिक हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.

भिंतीवर एक आठवण हवी असेल तर पान घ्या, पण फ्रेममध्ये त्याची प्रत लावा. अभ्यासासाठी किंवा पुढे विकण्यासाठी घेत असाल तर थांबा, पैसे साठवा आणि पत्रच घ्या.