होडीसाठी ७×५० दुर्बीण : पावसाळ्यानंतरचा अनुभव

दिवाळीआधी घेतलेली ही ७×५० दुर्बीण (म्हणजे ७ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ५० मिमी व्यासाची) आता एक अख्खा पावसाळा काढून बाहेर आलीय, म्हणून लिहितोय. घेताना कोल्हापुरात दुकानदार आणि मित्रमंडळी, सगळ्यांचं एकच पालुपद होतं, "घेतोयस तर २० पटीची घे की, सातनं काय दिसतंय?" गच्चीवरून बघायचं असेल तर बोलणं ठीक आहे. होडीत बसणार असाल तर ऐकू नका.

निवतीहून वेंगुर्ला रॉक्सच्या बेटांकडे निघालं की हे लगेच कळतं. होडी डुलते, हात डुलतो, आणि दुर्बीण जितके पट मोठं दाखवते तितके पट ते डुलणंही वाढवते. मेहुण्याच्या १०×५० मध्ये दीपगृह नुसतं नाचत होतं. मला सातमध्ये वरचा कठडा आणि काचेची खोली नीट दिसली. शिवाय ५० ला ७ नं भागलं की डोळ्यात उतरणारा प्रकाशाचा ठिपका सुमारे ७ मिमी येतो, मेहुण्याच्या दुर्बिणीत ५. ठिपका मोठा, म्हणून धक्क्यानं डोळा जरा सरकला तरी चित्र काळं पडत नाही. तिन्हीसांजेला हा फरक जास्तच जाणवतो.

पट वाढवूनही जमत नाही अशी एक गोष्ट आहे. होडीत डोळा पाण्यापासून जेमतेम दोन मीटरवर असतो, म्हणजे क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर. त्यापलीकडचा कातळाचा पायथा पाण्याच्या फुगवट्याआड जातो आणि वरचं तेवढं दिसतं. दीपगृहं उंचावर बांधतात ती म्हणूनच.

त्या दिवशी तांडेलानं आधीच सांगून टाकलं, "आज वर चढूक जमाचा नाय, लाट मोठी आसा." मग होडीतूनच कपारीतल्या पाकोळ्या बघत बसलो. थुंकीनं घरटी बांधणाऱ्या या पाकोळ्यांची इथल्या गुहांत मोठी वसाहत आहे, आणि त्या घरट्यांच्या तस्करीपायी हे ठिकाण बदनामही झालं होतं. लांबून बघणंच बरं.

आता तक्रारी. वजन किलोभर, मान भरून येते. फोकस दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा लावायचा. समुद्रावर एकदा लावला की पुढं हात लावावा लागत नाही, पण दाजीपूरच्या जंगलात पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर गेला की संपलं. आतलं होकायंत्र छान आहे, फक्त इंजिनाजवळ बसलं की भलतीच दिशा दाखवतं. लोखंड जवळ आलं की तसं होणारच.

कोल्हापूरच्या पावसाळ्याची मला धास्ती होती. मेहुण्याच्या भिंगात बुरशीचं पांढरं जाळं आलंय. ही आतून नायट्रोजन भरून सीलबंद आहे, त्यामुळे स्वच्छ राहिली. तरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबतच ठेवतो. समुद्रावरून आल्यावर आधी गोड्या पाण्यानं धुवायची, मग पुसायची. मीठ तसंच पुसलं तर काचेवर ओरखडे उठतात.

सोबत आलेला पट्टा मात्र अगदीच फालतू, टाका उसवून दुर्बीण पाण्यातच जायची. चपला शिवणाऱ्या कारागिराकडून रुंद चामडी पट्टा शिवून घेतला, तो मस्त बसलाय. फक्त खाऱ्या पाण्यानं कडक होतो, अधूनमधून तेलाचा हात द्यावा लागतो.