फ्रेमेन की सार्डोकार?

भुसावळात मे महिन्याच्या दुपारी डोक्याला रुमाल गुंडाळून निघालेल्या माणसाला फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' कादंबरीतला (१९६५) अराकिस हा वाळवंटी ग्रह फार परका वाटत नाही. त्यात दोन कडव्या फौजा आहेत, दोन्ही खडतर ग्रहांवर घडलेल्या.

सार्डोकार हे बादशहाचे सैनिक. त्यांचा ग्रह म्हणजे तुरुंगच. जो तगला तो भरती. शिस्त जबर, पण पुढे ऐषआराम आणि गर्व त्यांना पोखरतो.

फ्रेमेन हे अराकिसचे रहिवासी. त्यांना वाळवंटाने घडवलं, आणि ग्रहावर राज्य करणाऱ्या हार्कोनेन घराण्याच्या जुलमाने धार लावली. अंगातला घाम गाळून त्याचं पुन्हा पिण्याचं पाणी करणारा पोशाख, मेलेल्याच्या देहातलं पाणीसुद्धा टोळीचं. हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेल्या आपल्याकडच्या बायांना हे समजावून सांगायला नको! सार्डोकार फ्रेमेनांच्या वस्तीवर चालून जातात, तेव्हा म्हातारे, बाया अन् पोरंच त्यांना पिटाळून लावतात.

माझं मत फ्रेमेनांना. सार्डोकार मालकासाठी लढतात, हे स्वतःच्या मातीसाठी.

पण खानदेशात ही विभागणी इतकी सरळ राहिली नाही. सातपुड्यातल्या भिल्लांनी इंग्रजांना जेरीस आणलं, तर १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला त्यांचीच भिल्ल पलटण उभारली. एकाच डोंगरातून बंडखोरही निघाले आणि सरकारी शिपाईही. भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक तर आधी इंग्रजांच्या नोकरीत होता, १८५७ मध्ये त्यांच्यावरच उलटला.