कीबोर्डसाठी काय घ्यावे: ॲम्प्लिफायर, पॉवर्ड स्पीकर की नुसता डीआय बॉक्स?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात गणेशोत्सवापासून शिमग्यापर्यंत ऑर्केस्ट्रात किंवा बेंजो पार्टीत वाजवणाऱ्या कीबोर्डवादकापुढे साधारण तीन पर्याय असतात: खास कीबोर्ड ॲम्प्लिफायर, पॉवर्ड स्पीकर (ज्याच्या आतच ॲम्प्लिफायर असतो) आणि डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल साउंडवाल्याच्या मिक्सरला नीट जोडून देणारी छोटी डबी). गिटारचा ॲम्प्लिफायर हा चौथा पर्याय काही जण सुचवतात, पण त्याचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसा बोलत नाही आणि पियानो, स्ट्रिंग्ज दबून जातात. त्यामुळे तो वगळलेलाच बरा.

खास कीबोर्ड ॲम्प्लिफायरची सोय मोठी आहे. रोलंडच्या केसी-४०० मध्ये १५० वॅटची शक्ती, १२ इंची स्पीकर आणि चार चॅनेल असल्याने दोन कीबोर्ड आणि गायकाचा माइक एकाच पेटीत लागतात व तालमीला वेगळा मिक्सर लागत नाही. मात्र पेटी जड असते, आणि इनपुट स्टिरिओ असले तरी स्पीकर एकच असल्याने ऐकू येतो तो मोनोच, म्हणजे डावा-उजवा एकत्र झालेला आवाज.

१२ इंची पॉवर्ड स्पीकर तुलनेने हलका असतो, आडवा ठेवल्यास मॉनिटर (वादकाला स्वतःचे वाजवणे ऐकवणारा स्पीकर) होतो आणि स्टँडवर चढवल्यास छोट्या अंगणातील कार्यक्रम एकटा निभावतो. इनपुट बहुधा दोनच असल्याने दोन स्टिरिओ कीबोर्डांसाठी छोटा मिक्सर जोडावा लागतो. खरेदी करताना खोक्यावर ठळक छापलेला ‘पीक’, म्हणजे क्षणभरच मिळणाऱ्या, वॅटचा आकडा पाहून भुलू नये. सतत मिळणारी आरएमएस शक्ती किती, हे विचारावे.

मोठ्या मंडपात प्रेक्षकांपर्यंत आवाज पोहोचवण्याचे काम साउंडवाल्याच्या यंत्रणेचेच असते, म्हणून तेथे डीआय बॉक्स अपरिहार्य ठरतो. कीबोर्डचा सिग्नल मुळात जोरकस असल्याने साधा पॅसिव्ह (वीज न लागणारा) बॉक्सही पुरतो, आणि जनरेटरवर अर्थिंगची गुणगुण सुरू झाली, तर त्यावरील अर्थिंगची जोडणी तोडणारे ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण बहुतेक वेळा ती थांबवते. परंतु मंचावरचे मॉनिटर आधी गायकाच्या वाट्याला जातात आणि वादकाला स्वतःचेच वाजवलेले ऐकू येत नाही, हा या मार्गाचा खरा तोटा आहे.

या साऱ्याचा विचार करता, एकच मोठी खरेदी शक्य असणाऱ्याने पॉवर्ड स्पीकर घ्यावा आणि सोबत डीआय बॉक्स ठेवावा, असे माझे मत आहे. कीबोर्ड ॲम्प्लिफायर शोभतो तो ज्यांचे वादन मुख्यतः तालमीच्या खोलीत किंवा हॉटेलच्या छोट्या मंचावर चालते त्यांना.

जोडणीत एक गोष्ट सांभाळावी. अनेक स्वस्त कीबोर्डांना हेडफोनचे एकच स्टिरिओ छिद्र असते. त्यातून स्टिरिओ पिनची सरळ वायर मिक्सरच्या बॅलन्स्ड (दोन तारांतील सिग्नलचा फक्त फरक घेणाऱ्या) इनपुटला लावली, तर दोन्ही बाजूंना सारखे असलेले आवाज एकमेकांना छेदून नाहीसे होतात आणि उरतो तो पोकळ आवाज. त्यासाठी डावी-उजवी वेगळी करणारी ‘वाय’ वायर वापरावी. आणि खाऱ्या हवेत पिना लवकर गंजतात, म्हणून एक जादा जोडी पिशवीत असू द्यावी.