एकच दैनिक, दोन आवृत्त्या आणि जायकवाडीचे पाणी

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत वाचल्या जाणाऱ्या एका मोठ्या मराठी दैनिकाची वार्षिक वर्गणी भरून मी ते अंबाजोगाईत वाचते. घरी डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावांसाठी लवकर छापलेला अंक, येते आणि त्याच वर्गणीत ई-पेपरही मिळतो, ज्यात राज्यभरातील सगळ्या आवृत्त्या उघडता येतात. दैनिकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष या एकाच दैनिकाचे आहेत असे मला वाटत नाही. अंक वेळेवर येतो, छपाई स्वच्छ आहे. त्याबद्दल तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते यातील बातमी कोणत्या बाजूला आणि कशी झुकते याविषयी.

ई-पेपरचे मोल मला गोदावरीवरील जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या वादात कळले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा २००५ चा. त्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर पुढे असे ठरले की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नदीच्या वरच्या भागातील धरणांतून पाणी सोडावे. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला आणि गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने नाशिक-नगरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश काढला. तेव्हा या दैनिकाच्या दोन आवृत्त्या मी शेजारी ठेवून वाचल्या. आमच्या आवृत्तीत ते मराठवाड्याच्या हक्काचे पाणी होते. बातमीत कायदा होता, साठ्याची टक्केवारी होती, टंचाईची झळ बसलेली गावे होती. वरच्या भागातील आवृत्तीत तेच पाणी पळवले जात होते. तिथे रब्बीसाठी कालव्याला सुटणाऱ्या पाण्याची हुकणारी आवर्तने होती, उभ्या फळबागा होत्या आणि कोरड्या नदीपात्रात मुरून वाया जाणाऱ्या पाण्याचा हिशेब होता. मला त्यात कुठेही खोटा आकडा सापडला नाही. फरक होता तो निवडीचा: कायद्याचा आधार तिकडे बातमीच्या शेवटी दोन ओळींत उरकला होता आणि वहनव्ययाचा, म्हणजे वाहताना वाटेत जिरणाऱ्या पाण्याचा, उल्लेख आमच्याकडे मुळीच नव्हता.

या वादात मी मराठवाड्याच्या बाजूची आहे आणि ती बाजू न्याय्य आहे असेच मानते. पण ज्या वाचकाला वाटेत किती पाणी जिरते हेच कधी सांगितले जात नाही, तो नदीकाठच्या अवैध उपशाबद्दल किंवा वर्षाच्या योग्य वेळी पाणी का सोडले नाही याबद्दल पाटबंधारे खात्याला जाब कसा विचारणार? आपल्या बाजूने झुकलेली बातमी वाचायला बरी वाटते, मात्र तिच्यामुळे आपलेच नुकसान होते, ते असे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हाही गाडीची छायाचित्रे पानभर आली. त्याच टापूत उसाला किती पाणी लागते हा प्रश्न मात्र अग्रलेखात एखाद्या वाक्यापुरता आला.

तालुक्याच्या पानांवर दुसऱ्या प्रकारचा कल दिसतो आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. ग्रामीण भागातील वार्ताहराला मिळणारे मानधन तुटपुंजे असते. त्याची खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर, विशेषतः पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांवर चालते. ज्याच्याकडून पानभर जाहिरात आणायची, त्याच्या ताब्यातील नगरपरिषदेविषयी तो लिहिणार कसे? म्हणून नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही ही बातमी येते, पण त्यात कोणाचेही नाव नसते. काम ‘रखडते’, निधी ‘अडकतो’, पाइपलाइन ‘फुटते’, आणि हे सारे जणू आपोआप घडते. रस्त्याचे भूमिपूजन झाले की मात्र क्रियापदाला कर्ता मिळतो आणि तो छायाचित्रासह मिळतो. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातूनच ठळकपणे पुढे आला आणि वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर सविस्तर अहवाल दिला. निवडणुकीच्या काळात आता अशा बातम्यांवर लक्ष ठेवायला जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते. एरवीच्या वर्षांत या पानांकडे कोणी पाहत नाही.

शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत झुकाव आणखी वेगळा आहे. विभागीय आयुक्तालयाकडून आलेली आकडेवारी जशीच्या तशी छापली जाते: इतकी प्रकरणे सरकारी मदतीला पात्र, इतकी अपात्र. एक लाख रुपयांच्या मदतीसाठी कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते, त्यामुळे गावातल्या विनापरवाना सावकाराकडून किंवा नातलगांकडून उचल घेतलेला माणूस निकषात बसत नाही, हे त्या चौकटीत कुठेच लिहिलेले नसते. मग वाचणाऱ्याला वाटते की अपात्र म्हणजे शेतीशी संबंध नसलेला मृत्यू. इथे कोणी पैसे दिलेले नसतात, कोणाचा दबावही नसतो. सरकारी कागदावरची भाषा बातमीने आपली म्हणून स्वीकारलेली असते, एवढेच.

दैनिकाचे श्रेयही सांगितले पाहिजे. लातूरच्या बाजार समितीतील सोयाबीन-तुरीची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोज बिनचूक येतात. मंडळनिहाय पाऊस आणि धरणांतील साठा यांसाठी मी दुसरीकडे पाहत नाही. न्यायालयीन वार्तांकन संयत असते आणि खंडपीठाच्या निकालांतील कारणेही दिली जातात.

म्हणून वर्गणी भरावी, असेच मी सुचवेन, मात्र ई-पेपरसह. केवळ छापील अंक घेतल्यास हे दैनिक अर्धेच हाती येते. पाणी, आरक्षण, उसाचा दर अशा दोन प्रदेशांच्या किंवा दोन समाजांच्या वादाची बातमी असेल, तर त्या दिवशीची दुसऱ्या बाजूची आवृत्ती अवश्य उघडावी. तालुक्याचे पान वाचताना त्याच आठवड्यातल्या जाहिरातीही पाहाव्यात. एखादी बातमी उघडच एकतर्फी असेल तर प्रथम संपादकांना लेखी कळवावे. उत्तर समाधानकारक नसेल तर दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करता येते आणि त्यासाठी कात्रण जपून ठेवणे आवश्यक असते.