कॅज्युअल्टीला पैकीच्या पैकी, बिलिंगला नाही

सासूबाई, वय 74, न्हाणीघरात घसरल्या. उजवा खांदा निखळला. आधी हाडवैद्याकडे नेलं, ही आमचीच चूक. त्याने ओढून बसवला खरा, पण काखेतली सूज वाढतच गेली, बोटं गार. मग या हॉस्पिटलात आणलं. इथल्या कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेच्याही आधी दोन्ही मनगटांची नाडी धरली. उजवी लागेना! लगेच सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन: काखेतली धमनी फाटलेली. उतारवयात धमन्या कडक होतात, असा हिसका सोसत नाहीत, म्हणाल्या. पायातली शीर काढून तिथे जोडली, रात्रीतच. पहाटे हात उबदार. करंगळी मात्र अजून बधिर आहे. मज्जातंतूही ताणले गेलेत. डिस्चार्जच्या दिवशी बिलासाठी सहा तास बसवलं, म्हणून एक तारा कापला.